ताईच्या जागी पडदा

४ जानेवारी

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही, कारण ते तू कधी पाहिलेलंच नाहीस. मी तुझा मामा. तुझ्या आईच्या पाठचा भाऊ. एकुलता एक मामा असून पंचावन्न वर्षांत तुमच्या दाराशी फिरकलो नाही आणि आता लिहितोय तेही कामापुरतं. आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे तुला ते मनातल्या मनात म्हणायला नको.

माझी चुलतबहीण चार वर्षांपूर्वी तुमच्या शहरात आली होती. तिनं तुझ्या दुकानाची पाटी पाहिली, आडनाव वाचलं आणि आत डोकावल्यावर तुझ्या तोंडवळ्यावरून ओळखलं. ओळख दिली नाही. नुसतं कार्ड उचलून आणलं. 'संगणक दुरुस्ती व सल्ला.' ते कार्ड तेव्हापासून माझ्या चष्म्याच्या घरात आहे.

मी चाळीस वर्षं एका फोटो स्टुडिओत रिटचिंग केलं. म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल आणि ब्लेड चालवून लोकांच्या तोंडावरचे डाग, सुरकुत्या, व्रण घालवायचे. स्टुडिओ बंद पडल्यावर बऱ्याच वर्षांनी जावयानं त्याचा जुना संगणक आणून दिला, त्यात फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि या वयात मी पेन्सिल सोडून माउस धरायला शिकलो.

आता अडचण सांगतो. सॉफ्टवेअर इतकं हळू चालतं की ब्रश फिरवल्यावर दहा-बारा सेकंदांनी रेघ उमटते. उमटली नाही असं वाटून मी तोवर दुसरी ओढलेली असते. मग दोन्ही एकदम येतात आणि नाकाचं वांगं होतं. मधूनच सगळं गोठतं आणि 'प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही' अशी सूचना येते. जावई म्हणतो, नवा घ्या. इथला दुरुस्तीवालाही म्हणतो, नवा घ्या. पण मला हाच संगणक हाताला बसलाय.

काम महत्त्वाचं आहे आणि एप्रिलच्या आत व्हायला हवं. मला आता कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, तेव्हा फोन नको, पत्रच लिही. आणि ताईला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा,
मामा


११ जानेवारी

आपणांस नमस्कार.

पत्र मिळालं. 'मामा' लिहायला हात वळला नाही, त्याचा राग मानू नये. संगणकाचं मात्र सांगते. तो माझा रोजचा धंदा आहे आणि गिऱ्हाईक कोण आहे हे मी बघत नाही.

फोटोचं काम मेमरीत मावेनासं झालं की सॉफ्टवेअर उरलेलं सामान हार्ड डिस्कवर मांडतं. ओट्यावर जागा नसली की आपण पातेली जमिनीवर ठेवतो, तसं. मग प्रत्येक वेळी वाकून उचलायचं, पुन्हा ठेवायचं. तुमचे दहा सेकंद तिथं जातात. आणि जमीनही भरलेली असेल, तर सगळंच थांबतं.

तेव्हा आधी मला दोन आकडे हवेत. संगणकात मेमरी किती आहे आणि डिस्कवर मोकळी जागा किती उरली आहे. ते कुठं बघायचं, हे मागच्या कागदावर चित्र काढून दाखवलं आहे. नको असलेलं सगळं काढून टाका आणि काम करताना दुसरं काहीही उघडं ठेवू नका. मग किती फरक पडला ते घड्याळ लावून बघा. 'थोडं बरं वाटतंय' असं कळवू नका, सेकंद कळवा.

आईला काही सांगणार नाही. त्याची काळजी नसावी.

आपली,
दुकानवाली


१९ जानेवारी

चि. भाचीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून तुझी मामी म्हणाली (तिचे ओठ मला वाचता येतात), "पोरगी फटकळ आहे." मी म्हटलं, "आमच्या घरातली आहे म्हणून." लेकीच्या जातीनं मुळमुळीत लिहिलं असतं तर मला परकं वाटलं असतं.

आकडे असे, आणि संगणकाच्या पाठीवरचा नंबरही सोबतच्या चिठ्ठीवर आहे. मेमरी चार जीबी. डिस्कवर मोकळी जागा सहा जीबी, म्हणजे नसल्यातच जमा. जावयाचे सिनेमे होते, नातीचे खेळ होते आणि एकच लग्न आठ वेळा साठवलेलं होतं. जावयाला विचारून सगळं काढलं. आता जागा दीडशे जीबी आहे. नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तसंही मला ऐकू आलं नसतं, पण तोंड फिरवून बसलेली दिसत होती.

घड्याळ लावलं. बाराचे आठ सेकंद झाले. आजारी माणसानं कूस बदलावी, तेवढाच आराम.

आता काम काय ते सांगायला हरकत नाही. आमच्या घरच्यांचा एक जुना फोटो आहे. आई, वडील आणि आम्ही दोघं भावंडं. तो नीट करून मोठा छापायचा आणि ताईला पाठवायचा. येत्या एप्रिलच्या एकोणीस तारखेला ती पंचाहत्तर पूर्ण करील. तारीख माझ्या लक्षात आहे, हे तिला कधीतरी सांग. आत्ता नको.

तिची तब्येत कशी आहे, एवढं एक वाक्य पुढच्या पत्रात लिहिलंस तरी पुरे. गुडघे धरतात का तिचे? माझे धरतात. आमच्या आईचेही धरायचे.

तुझा,
मामा


२७ जानेवारी

आपणांस नमस्कार.

सोबत मेमरीची आठ जीबीची पट्टी पाठवते आहे. दुकानात पडून होती, त्यामुळे त्याबद्दल काही बोलू नये. तुमच्या संगणकात बसते, पाहून घेतलं आहे. तिथल्या दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्या. स्वतः पेटी उघडू नका.

दुसरं. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये मागचे किती टप्पे लक्षात ठेवायचे, याचा आकडा असतो. चूक झाली तर मागे जाता यावं म्हणून. माझा अंदाज आहे की तुम्ही तो वाढवून ठेवला आहे. तुमच्यासारखी हाताचं काम केलेली माणसं हमखास वाढवतात. तो वीसवर आणा.

तिसरं, आणि मला वाटतं खरं दुखणं इथंच आहे. त्या एका फोटोच्या फाइलचा आकार किती आहे? आणि त्यात लेअर किती आहेत? लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. प्रत्येक कागदाचं ओझं संगणकाला वेगळं वाहावं लागतं. चार माणसांच्या फोटोला दहा-पंधरा लेअर पुष्कळ झाले. जास्त असतील तर नको ते पुसून टाका, बाकीचे एकात एक मिळवून टाका. जमत नसेल तर फाइल पेनड्राइव्हवर घालून पाठवा. मी हलकी करून परत देईन.

बाकी जे विचारलंत, त्याबद्दल मागाहून लिहीन. सध्या दुकानात गर्दी आहे.

आपली,
दुकानवाली


६ फेब्रुवारी

चि. भाचीस,
आशीर्वाद.

पट्टी बसली. टप्प्यांचा आकडा मी एक हजारावर ठेवला होता, तो वीसवर आणला. आठाचे पाच सेकंद झाले. तुझं निदान बरोबर आहे. फाइल साडेतीन जीबीची आहे आणि तिच्यात दोनशे बारा लेअर आहेत.

ते मला पुसवत नाहीत. म्हणून पेनड्राइव्ह पाठवतोय. पण तू फाइल उघडशील तेव्हा तुला सगळं दिसेलच, आणि ते तुला माझ्याकडून न कळता पडद्यावर दिसावं हे बरं नव्हे. म्हणून आधी सांगतो.

त्या फोटोत चार माणसं होती. आता तीन आहेत.

ताई घर सोडून गेली तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. दवाखान्यातल्या कंपाउंडरशी लग्न केलं म्हणून, म्हणजे तुझ्या वडिलांशी. मी स्टुडिओत नुकता उमेदवारीला लागलो होतो. ती गेल्यावर आठवड्यानं वडिलांनी भिंतीवरचा फोटो काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमच्याच स्टुडिओतला आहे ना? निगेटिव्ह असेल. हिला काढ यातून." मी म्हटलं, "असं होत नाही." ते म्हणाले, "मग शिकतोस काय तिथं?"

आई चुलीपाशी होती. तिनं एक शब्द बोलावा, म्हणून मी दारात बराच वेळ उभा राहिलो. शेवटी गेलो.

मला तीन दिवस लागले. काचेच्या निगेटिव्हवरून ब्लेडनं तिला खरवडून काढलं. आधी साडी, मग हात, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. मग त्या जागी मागचा पडदा रंगानं भरला. चुण्यांसकट. नवा फोटो छापला, भिंतीवर लागला. कोणाला कळलंसुद्धा नाही. स्टुडिओच्या मालकांनी तो प्रिंट भिंगाखाली धरून पाहिला आणि विचारलं, "हे तू केलंस?" पुढच्या महिन्यापासून त्यांनी मला कायम केलं. माझी चाळीस वर्षांची नोकरी त्या पडद्यावर उभी राहिली, भाची. तुझ्या मामीलाही मी हे कधी सांगितलेलं नाही.

जुना प्रिंट वडिलांनी जाळला. निगेटिव्ह मात्र स्टुडिओ बंद होताना मालकांच्या मुलानं मला दिलं. खरवडलेल्या जागी काहीच उरत नाही. खाली काच असते, झालं. म्हणून गेली तीन वर्षं मी तिला आठवणीतून काढतोय. तोंडवळा आमचा सारखा होता, म्हणून माझाच जुना फोटो घेतो, त्यावर तिचे डोळे बसवतो, हनुवटी बदलतो. जमत नाही. पण जमलं नाही म्हणून पुसायला जावं, तर हात थांबतो. एकदा पुसलंय तिला. त्यामुळे प्रत्येक खेप तशीच ठेवून वर नवा लेअर घेतो.

दोनशे बारा झाले ते असे. यातली कुठली तिच्यासारखी आहे, ते तू सांगू शकशील. माझ्या डोळ्यांपुढून ती आता निसटायला लागली आहे.

तुझा,
मामा


२ मार्च

ती. मामा,
सादर नमस्कार.

तुमचं पाकीट येऊन तीन आठवडे झाले. पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकून मी रोज दुसऱ्यांचे संगणक दुरुस्त करत होते. रविवारी दुकान बंद असताना उघडला.

आधी जे सांगायला हवं होतं, ते सांगते. आई गेली. मागच्या वर्षी ऑक्टोबरच्या नऊ तारखेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. सात महिने अंथरुणावर होती. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा तिला जाऊन तीन महिने होत आले होते.

'आईला काही सांगणार नाही,' असं मी तुम्हाला लिहिलं. ते खोटं नव्हतं, पण तुम्हाला फसवायलाच लिहिलं होतं. वाटलं, पंचावन्न वर्षं गप्प बसलात ना, मग आता थोडं तुम्हीही अंधारात राहा. गुडघ्यांचं विचारलंत तेव्हा लाज वाटली. तरी लिहिलं नाही. तुम्ही एप्रिलची तारीख धरून बसला होता आणि मी रोज ते बघत होते. याबद्दल क्षमा करा.

सगळे लेअर पाहिले. एक-एक करून, खालपासून वर. एकही तिच्यासारखा नाही. काहींत कपाळ तिचं आहे, एकात मान किंचित कलती आहे तशी ती धरायची. पण ती नाही.

आमच्या घरात भिंतीवर कधी फोटो नव्हता. कॅलेंडर असायचं. कुणी कॅमेरा काढला की आई आत निघून जायची. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही. मला वाटायचं, लाजते. तिचा एकच फोटो आहे, ती औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम करायची, त्या ओळखपत्रावरचा. घर सोडल्यानंतर दीड वर्षानं काढलेला. टपालाच्या तिकिटाएवढा आहे.

तो तुम्हाला पाठवायचा की नाही, याचा मी खूप विचार केला. पाठवणार नाही. तुम्ही तो मोठा कराल, साफ कराल आणि तिला त्या तिघांच्या मध्ये नेऊन उभी कराल. तुमचा हात असा आहे की कोणाला सांधाही दिसणार नाही. आणि मग तिथं काही झालंच नव्हतं, असं होईल. तिला काढताना विचारलं नव्हतं. आता परत बसवताना विचारायला ती नाही. तेव्हा बसवू नका.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसावी. मी सहा महिन्यांची असताना ती मला घेऊन तुमच्या घरी गेली होती. तुम्ही कामावर होता. आजीनं तिला पाणी दिलं, बस म्हणाली नाही. पाणी पिताना तिनं भिंतीवर पाहिलं. हे तिनं मला शेवटच्या आजारपणात सांगितलं. म्हणाली, "माझ्या जागी पडदा होता. इतका सफाईदार की क्षणभर मलाच वाटलं, मी नव्हतेच तिथं."

फाइल हलकी केलेली नाही. जशी होती तशी परत पाठवते आहे.

आपली,
भाची


२२ एप्रिल

चि. भाचीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं तेव्हा घरात सगळे होते. मी ते वाचून खिशात ठेवलं आणि जेवायला बसलो. हात धुताना मामीनं माझ्याकडे पाहिलं आणि मोरीच्या दारातच विचारलं, "कोण गेलं?" मग तिला सगळं सांगितलं. पडद्याचंसुद्धा. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. त्या दिवशीही नाही चढवला. फक्त दोन दिवस तिनं माझ्याकडे बघणं टाळलं, आणि तिसऱ्या दिवशी चहाचा कप समोर ठेवून म्हणाली, "नणंद होती मला. मी एकदा भेटायला गेले असते."

आठवडाभर संगणकाला हात लावला नाही. तू क्षमा मागितलीस, ती मागायला नको होती. माझ्या दोन महिन्यांच्या अंधारापेक्षा तिचा पाण्याचा पेला मोठा आहे. आम्ही एकाच गावात होतो त्या दिवशी, स्टुडिओ दहा मिनिटांच्या अंतरावर होता. आईनं मला संध्याकाळीही सांगितलं नाही. आता आई नाही, ताई नाही, विचारू कोणाला.

तू म्हणतेस ते पटलं. तिला बसवणार नाही. ते दोनशे बारा लेअर मी पुसले. एकदम नाही. रोज दहा, पंधरा. प्रत्येक उघडून पाहिला आणि मग घालवला. ते ताईचे नव्हतेच, माझेच होते. लेअर गेले तसं सॉफ्टवेअर सुटलं. आता हात फिरवला की रेघ हातासोबत येते. घड्याळ लावायची गरज उरली नाही, आणि घाईही.

मग एक काम केलं. तो पडदा काढला. मी अठराव्या वर्षी भरलेला, चुण्यांसकट. संगणकावरच, पण ब्लेडनं खरवडावा तसा कडेकडेनं काढत गेलो. पंधरा दिवस लागले, कारण तेव्हा मी काम चांगलं केलं होतं. आता फोटोत वडील आहेत, आई आहे, मी आहे आणि मध्ये एक पांढरी जागा आहे, माणसाच्या उंचीची. वाकडीतिकडी, ब्लेडनं ओरखडल्यासारखी. जे झालं ते तसंच दिसतं.

एकोणीस तारखेला तो छापून बाहेरच्या खोलीत लावला. नात शाळेतून आली, दप्तर न उतरवताच बघत राहिली. माझ्या पाटीवर तिनं लिहिलं, 'इथं कोण होतं?' माझ्याशी बोलायला ती पाटी वापरते. मी तिला तोंडानं सांगितलं. ताईचं नाव मी या घरात मोठ्यानं उच्चारलं ते पंचावन्न वर्षांनी. मला ऐकू आलं नाही, पण मामी आतून बाहेर आली, म्हणजे आवाज बरा निघाला असावा.

नातीनं सगळं ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'मग आत्याआजी चिडली का?' मी म्हटलं, "मला माहीत नाही. तिच्या मुलीला विचारावं लागेल."

तर विचारतो. चिडली होती का? मला बरं वाटावं असं लिहू नकोस. सेकंद लिही.

तुझा,
मामा


३० एप्रिल

ती. मामा,
सादर नमस्कार.

हो, चिडली होती. शेवटपर्यंत. आजोबा गेल्याचं कळलं तेव्हा ती निवडत असलेली भाजी निवडत राहिली. तुमचा विषय निघाला की म्हणायची, "त्यानं नाही म्हणायला हवं होतं. लहान होता हे खरं, पण एवढाही लहान नव्हता." माफ केलं, असं ती कधीही म्हणाली नाही. तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं लिहिलं.

सोबत ओळखपत्रावरच्या फोटोची प्रत आहे. मूळ माझ्याजवळ ठेवते. कोपऱ्यावर कारखान्याचा शिक्का आलाय, गालावर पाण्याचा डाग आहे. त्याला हात लावू नका. डाग राहू द्या.

आणखी एक आहे. शेवटच्या पंधरवड्यात ती गुंगीत असायची. मला ओळखायची नाही. पण कुणाला तरी सारखी हाक मारायची. "ढब्या, उन्हात जाऊ नकोस." "ढब्या, माझा हात धर, गाडी येतेय." मी सगळ्यांना विचारलं. आमच्याकडे ढब्या कोणी नाही, बाबांनाही माहीत नव्हतं. तिच्या माहेरचं कुणी असेल तर कळवा.

आपली,
भाची


७ मे

चि. भाचीस,

मी लहानपणी फार गुटगुटीत होतो. मला त्या नावानं एकटी तीच हाक मारायची.

मामा